देणे-घेणे फलक : बाजाराच्या गावात छोट्या जाहिराती चालवताना ठेवलेल्या नोंदी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आमचं गाव आहे. गुरुवारी बाजार भरतो आणि आसपासच्या वीसेक वाड्यावस्त्या त्याला येतात. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबाऱ्याची झेरॉक्स काढता काढता माणसं विचारतात, "ताई, कडबा कुणाकडं हाय का?" आणि तासाभराने दुसरा कुणी कडब्याला गिऱ्हाईक आहे का म्हणून विचारून जातो. दोघांची गाठ पडत नाही. म्हणून जाहिरातींच्या फलकाचा हा खटाटोप. दुसऱ्या गावात कुणाला असं काही करायचं असेल, तर माझ्यासारखे त्याचे महिने वाया जाऊ नयेत, यासाठी नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

फलक लागला. ६ बाय ४ फुटांचा प्लाय आणि भोवती लाकडी पट्टी, सुताराच्या मजुरीसकट २,३५० रुपये. स्टँडची भिंत जास्त सोयीची होती, पण सार्वजनिक जागी परवानगीशिवाय कागद चिकटवणं १९९५ च्या विद्रुपीकरण प्रतिबंध कायद्यात गुन्हा आहे. तेव्हा दुकानाचीच भिंत बरी. वर फ्लेक्स लावला : 'येथे जाहिरात मोफत'. त्याचे ६४० रुपये.

रंग ठरवले. जनावरं पिवळ्या कागदावर, चारा हिरव्या, अवजारं निळ्या, 'पाहिजे' गुलाबी. चिठ्ठीच्या खालच्या कडेला फोन नंबरच्या फाडून न्यायच्या पट्ट्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आठवड्यात ४१ चिठ्ठ्या आल्या. फलक भरलेला पाहून समाधान वाटलं आणि तिथेच मी फसले. संध्याकाळी ज्यांच्या चिठ्ठ्या होत्या त्यांतल्या बारा जणांना विचारलं. नऊ जणांना एकही फोन नव्हता.

फाडायच्या पट्ट्या बाद. शाळा सुटल्यावर पोरांनी अर्ध्या फाडून नेल्या. एका चिठ्ठीच्या सगळ्या पट्ट्या तर एकाच माणसाने नेल्या असाव्यात, म्हणजे दुसऱ्या कुणाला नंबर मिळायलाच नको. आता नंबर ठळक आणि एकदाच. ज्याला हवा तो लिहून घेईल किंवा फोटो काढेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन का येत नाहीत ते चिठ्ठ्या काढून, टेबलावर पसरून वाचल्या तेव्हा कळलं. 'म्हैस विकणे आहे. संपर्क.' 'कडबा आहे.' 'इंजिन चालू कंडिशन.' यावरून फोन करावासा वाटेल असं त्यात काहीच नाही. जे लिहून आणलं ते मी तसंच टाइप करत गेले, हे चुकलं. जाहिरात लिहून घ्यायची नसते, विचारून काढायची असते.

आता प्रश्न ठरवले आहेत. म्हैस किंवा गाय असेल तर : कितव्या वेताची, गाभण असेल तर किती महिने, व्यालेली असेल तर किती दिवस झाले, दोन्ही वेळचं मिळून दूध किती, खाली रेडा की पारडी, आणि कानातला बिल्ला आहे का. बिल्ल्याचं विचारावंच लागतं, कारण १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बारा आकडी नंबर मी वहीत पूर्ण घेते, चिठ्ठीवर फक्त शेवटचे चार आकडे.

कडबा असेल तर : ज्वारी कोणती, पेंढी केवढी बांधलीय, गंज (रचलेला ढीग) रानात आहे की घराजवळ, एकदा तरी भिजलाय का, आणि गाडी कुणाची. 'शेकडा' म्हटल्याने काही कळत नाही. एकाची पेंढी दुसऱ्याच्या दीडपट असते.

बैलांच्या बाबतीत एका म्हाताऱ्या आण्णांनी मला दुरुस्त केलं. मी खिल्लार खोंडाच्या चिठ्ठीवर 'वय ३ वर्षे' लिहिलं होतं. ते म्हणाले, "वय कोण विचारतंय? दात लिही. वय मालक सांगतो, दात जनावर सांगतंय." आदत (अजून पक्का दात न आलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (आठही पक्के दात आलेला). दोनेक वर्षांनी दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के येतात, मग जोडीजोडीने वाढत आठ होतात. खरेदीदार आल्याआल्या तोंड उघडून तेच बघणार असेल, तर चिठ्ठीवर तेच पाहिजे.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखा : खोड काय आहे? यावर लोक गप्प होतात. एक आजी पंढरपुरी म्हशीची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. तिसरं वेत, दूध चांगलं, पण परका माणूस धारेला बसला की पान्हा चोरते, म्हणजे दूध वर ओढून धरते. मी विचारलं, "हे लिहू का? गिऱ्हाईक बिचकेल." त्या म्हणाल्या, "लिही बाई. न्हायतर नेलेला माणूस चौथ्या दिवशी आणून दारात बांधंल आणि पैसं मागंल." आम्ही लिहिलं : 'आठ दिवस घरच्या बाईच्या हाताची सवय लावावी लागेल.' किंमतही लिहिली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजींची म्हैस रविवारी गेली. सात फोन आले. घेणाऱ्याने सांगितलं, खोड लिहिलेली म्हणजे बाकीचं खरं असणार, असं वाटून तो आला. बायकोला सोबत घेऊन आला, ती धारेला बसली, मग सौदा झाला. ही चिठ्ठी मी फलकाच्या कोपऱ्यात कायमची ठेवली आहे, नाव-नंबर काढून. नवीन माणूस आला की आधी ती वाचायला देते.

किंमत लिहायला मात्र बहुतेकांचा नकार. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची रीत आहे. तिथे भाव उघड बोललाच जात नाही, मग कागदावर कोण लिहील? मी आग्रह सोडला, पण मोजणी सुरू ठेवली. या आठवड्यात किंमत लिहिलेल्या सहा चिठ्ठ्यांना एकूण २३ फोन, न लिहिलेल्या अकरांना १४. चिठ्ठ्या थोड्या आहेत, यावरून नियम निघत नाही. तरी हे आकडे मी येणाऱ्याला सांगते. काही जण निदान 'अमुकच्या आसपास' एवढं लिहू लागलेत.

६ मार्च, गुरुवार

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक. एका पाणबुडी मोटरच्या चिठ्ठीवर नंबरातला एक आकडा चुकला. तो नंबर परजिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा निघाला. चार दिवसांत त्यांना तीसेक फोन गेले, काही रात्री दहानंतर. त्यांनीच शेवटी एका फोन करणाऱ्याला विचारून माझा पत्ता काढला. मी माफी मागितली. त्या चांगल्या होत्या म्हणून थोडक्यात निभावलं. मोटरवाल्याचा आठवडा वाया गेला तो वेगळाच.

तेव्हापासून चिठ्ठी छापण्याआधी दिलेल्या नंबरावर समोरच फोन लावते. वाजला की मगच प्रिंट. फोन कधी करायचा तेही लिहिते, कारण धारेच्या वेळी कुणी फोन उचलत नाही. म्हशीचं सगळं बाई बघते आणि नंबर नवऱ्याचा असतो. फोन करणारा दूध विचारतो, नवऱ्याला काही सांगता येत नाही. आता जनावरांच्या चिठ्ठीवर जी धार काढते तिचा नंबर आधी मागते.

१३ मार्च, गुरुवार

होळीचा दिवस, बाजार दुपारीच उठला. रिकाम्या वेळात दोन निर्णय केले.

पहिला पैशाचा. आजपासून चिठ्ठीला १० रुपये, दोन बाजारांसाठी. फुकट होतं तोवर लोक 'असू दे, लागली तर लागली' म्हणून चिठ्ठी टाकत. विकायचं पक्कं नसलेल्यांच्या चिठ्ठ्यांनी निम्मा फलक भरलेला असे. 'पाहिजे'ची चिठ्ठी मात्र मोफतच. फ्लेक्स उतरवला, ६४० रुपये पाण्यात.

दुसरा जागेचा. स्टँडसमोर वाचणारे खूप असतात, पण ते एसटीची वाट बघणारे : विद्यार्थी, नोकरीवाले. म्हैस घेणारा माणूस स्टँडवर नसतो. तो रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला येतो, दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत रांगेत दहा-पंधरा मिनिटं उभा असतो आणि त्याला तेवढा वेळ वाचायला दुसरं काही नसतं. संकलन केंद्राच्या मालकांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. फलक उद्या तिकडे हलवते. महिनाभर आधी सुचायला हवं होतं.

२० मार्च, गुरुवार

चिठ्ठ्या ४१ वरून १९ वर आल्या. पण डेअरीवर गर्दी थांबून वाचते, हे डोळ्यांनी पाहिलं.

या आठवड्यात खरा प्रश्न कळला. कडबा सगळा या महिन्या-दीड महिन्यात विकला जातो. ज्वारी निघाली, मळणी झाली की गंज लागते आणि गिऱ्हाईक फिरू लागतं. एका हिरव्या चिठ्ठीवरचा कडबा सोमवारीच गेला होता, पण चिठ्ठी गुरुवारपर्यंत तशीच. त्या चिठ्ठीवर विसंबून एक माणूस टेम्पो भाड्याने घेऊन १८ किलोमीटर आला आणि रिकामा परत गेला. त्याने माझ्याशी भांडण केलं नाही, फक्त म्हणाला, "आता बोर्डावर काय लिव्हलंय ते धरून मी निघणार न्हाई." हे मला भांडणापेक्षा जास्त लागलं. एका शिळ्या चिठ्ठीने बाकीच्या अठरा ताज्या चिठ्ठ्यांवरचा विश्वास जातो.

म्हणून नोंदवही नव्याने आखली : चिठ्ठी क्रमांक, तारीख, नाव, गाव, नंबर वाजवला का, काढायची तारीख, गेलं का, कितीत. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी प्रत्येक चालू चिठ्ठीला मी फोन करते. 'गेलं' म्हणाले की चिठ्ठी लगेच फाडत नाही, लाल स्केचपेनने आडवी रेघ मारून 'गेलं' लिहिते आणि पुढच्या बाजारापर्यंत ठेवते. लोकांना दिसतं की इथे माल जातो आणि कुणीतरी लक्ष ठेवून आहे. या फोनांना आठवड्याला दोन तास जातात. सगळ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि एवढाच केला तरी फलक चालेल असं मला वाटतं.

२७ मार्च, गुरुवार

रविवारी पाडवा. सालगड्यांचं साल पाडव्याला बदलतं, त्यामुळे 'गडी पाहिजे'च्या नऊ चिठ्ठ्या एका आठवड्यात. त्यात पगार, राहायची सोय, जनावरं किती, हे मी लिहायला लावलं.

एकाने वेगळीच चिठ्ठी आणली. गडी उचल (आगाऊ पैसे) घेऊन गेला होता. त्याचा फोटो, नाव, गाव छापून 'दिसल्यास कळवा' असं हवं होतं. मी नाही म्हटलं. देण्याघेण्याचा वाद असेल तर त्याला वाटा आहेत, माणसाचं तोंड फलकावर टांगायचं नाही. उचलीपायी माणसाला कामाशी बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद झालंय, हेही सांगितलं. तो रागाने गेला आणि त्याच्या भावकीतल्या दोघांनी चिठ्ठ्या काढून घेतल्या. पुन्हा आला तरी उत्तर तेच राहील.

१० एप्रिल, गुरुवार

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता, तो आज बंद करून पुन्हा काढला. पहिला सगळ्यांना लिहिता येईल असा ठेवला होता. तीन आठवड्यांत सकाळची फुलं, वाढदिवस, पुढाऱ्यांचे फोटो, आणि त्यात कुठेतरी एक शेळी. आता फक्त मी टाकते : रोज संध्याकाळी ७ वाजता एकदाच, फलकावरच्या क्रमांकासकट. ग्रुपात १,०२४ च्या वर माणसं बसत नाहीत, पण ती अडचण अजून लांब आहे, सध्या ३१२ आहेत.

'पाहिजे'च्या गुलाबी चिठ्ठ्या सगळ्यात लवकर जुळतात, हे वहीवरून दिसतंय. विकणारा महिनाभर थांबतो, घेणाऱ्याला आजच हवं असतं. या आठवड्यातली मला आवडलेली : 'रानात मेंढरं बसवायची आहेत, चार एकर, पाण्याची सोय आहे.' (मेंढरं बसवायची ती लेंड्यांच्या खतासाठी.) मेंढपाळ फलक वाचायला कुठून येणार, अशी मला शंका होती. पण डेअरीवर आलेल्या एकाने रस्त्यात उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्याला (तळाला) सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी मेंढरं रानात बसली.

२४ एप्रिल, गुरुवार

फसवणूक झाली. पेरणी यंत्राच्या चिठ्ठीचा फोटो ग्रुपातून बाहेर गेला. एकाने लष्करात असल्याचं सांगून फोन केला, यंत्र न बघताच भाव मान्य केला आणि 'पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा, पिन टाका' म्हणाला. आमच्या माणसाचे ४,५०० रुपये गेले. संध्याकाळी दुकानात आला तेव्हा त्याच्यासोबत बसून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीखाली ठळक ओळ : 'पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. माल न बघता भाव मान्य करणाऱ्याशी व्यवहार करू नका.' चिठ्ठी देताना मी ती मोठ्याने वाचूनही दाखवते, कारण छापलेलं कुणी वाचतंच असं नाही.

८ मे, गुरुवार

जुन्या ट्रॅक्टरची चिठ्ठी : 'कागद क्लिअर'. घेणारा ६० किलोमीटरवरून आला, आरसी बुकावर बँकेचा बोजा. कर्ज फिटलं होतं हे खरं, पण बोजा उतरवलाच नव्हता. आता ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चिठ्ठीआधी आरसी समोर ठेवायला लावते. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत आणि नमुना ३५, नावावर करायला नमुना २९ आणि ३०. हे फॉर्म दुकानात असतातच, त्यामुळे एका फेरीत काम होतं.

जमिनीच्या जाहिराती आजपासून बंद. 'दोन एकर विकणे'ची चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याची बहीण आली. सातबाऱ्यावर तिचंही नाव होतं, तिला काहीच माहीत नव्हतं. ती ओरडली नाही, फलकासमोर उभी राहून चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला विचारलं, "हे तुम्ही लावलं?" मी चिठ्ठी काढली. शिवाय शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो. वारस, मोजणी, वाटणी, हे तपासणं माझ्या हातातलं नाही, आणि न तपासता लावायचं नाही.

२९ मे, गुरुवार

यंदा पावसाने कुणालाच सवड दिली नाही. मोसमी पाऊस २५ तारखेलाच तळकोकणात आला आणि आमच्याकडे त्याआधीपासूनच रोज झोड. फलकावर छज्जा करायचा मी जूनवर ढकलला होता. सगळ्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला, टाचण्या गंजल्या आणि प्लायचा खालचा कोपरा फुगला.

त्यातून कळलेलं : रंगीत शाईच्या प्रिंटरवरच्या चिठ्ठ्या धुऊन निघाल्या, झेरॉक्स मशीनवरच्या भिजूनही वाचता येत होत्या. बॉलपेनचे आकडे उन्हाने आधीच फिके पडले होते, पेन्सिलीचे टिकले. गुलाबी कागद तर पंधरा दिवसांत पांढरा पडतो, त्याऐवजी आता पांढऱ्यावरच जाड काळी चौकट. पत्र्याचा छज्जा ९००, वरून प्लॅस्टिक कागद १८०. वही दुकानात होती म्हणून दोन तासांत सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा छापता आल्या. ज्यांच्या गंजी भिजल्या त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'भिजलेला' लिहिलं. दोघांनी आढेवेढे घेतले, पण लिहू दिलं.

५ जून, गुरुवार

घरच्या सोयाबीन बियाण्याच्या पाच चिठ्ठ्या. शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं विकायचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिलाय, पण ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. एकाने कंपनीच्या जुन्या पिशव्यांत भरलं होतं, ते साध्या पोत्यात भरायला लावलं. प्रत्येकाला घरी उगवण बघायला सांगितली : १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि मोड आलेले मोजायचे. सोयाबीनला ७० च्या खाली आले तर चिठ्ठी घेणार नाही, असं आधीच सांगितलं. चौघांचे ७४ ते ८६ आले, आकडा चिठ्ठीवर लिहिला. पाचव्याचे ५८. त्याने बियाणं गिरणीला दिलं आणि स्वतःसाठीही दुसरं शोधलं, आमच्याच फलकावरून.

१२ जून, गुरुवार

हिशेब. फलक २,३५०, फ्लेक्स ६४०, टाचण्या ६०, कागदाची तीन रिमं ७८०, टोनर ३५०, छज्जा ९००, प्लॅस्टिक १८०. एकूण ५,२६०. मार्चपासून पैसे घेतलेल्या चिठ्ठ्या २३१, म्हणजे २,३१० रुपये. अजून २,९५० अंगावर. वेळ आठवड्याला सहा-सात तास, तो धरलेला नाही. लोक चिठ्ठी लावायला येतात तेव्हा झेरॉक्सही काढतात, तेवढाच आधार.

२३१ पैकी ११८ वर 'गेलं' लिहिलं गेलं. यातले किती फलकामुळे आणि किती तोंडी बातमीने, हे वेगळं काढता येत नाही. पुढच्या वहीत 'कुठून कळलं' असा एक रकाना वाढवते आहे.

१९ जून, गुरुवार

शेजारच्या बाजारगावातल्या डेअरीवाल्यांनी दुसरा फलक मागितला आहे. छज्जा आधी, फलक नंतर, असं सुताराला सांगितलं. सोमवार-बुधवारचे फोन कोण करणार, हे ठरेपर्यंत तिथे चिठ्ठी लावणार नाही. तिथल्या डेअरीत माप घेणारी एक मुलगी तयार आहे, उद्या सकाळी तिला वही दाखवायला जाते.